अमेरिकेहून आणलेल्या कॅमेऱ्याच्या खोक्यात सगळंच वेगळं, डुप्लिकेट तर नाही ना?

विक्रोळी_ईस्ट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो. मागच्या महिन्यात आला तेव्हा माझ्यासाठी कॅननचा कॅमेरा घेऊन आला (पैसे मी दिलेत हं, फुकटात नाही). मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की २००डी मार्क टू आण, कारण ऑफिसमधल्या मित्राकडे तोच आहे आणि त्याचेच फोटो बघून मला हा किडा चावला. आणि साहेबांनी आणलं काय, तर खोक्यावर लिहिलंय ईओएस रिबेल एसएल३. म्हटलं अरे हे काय, तर म्हणे तिकडे हाच मिळतो, सेमच आहे, टेन्शन नको घेऊ.

आता सेम कसं म्हणायचं सांगा. शनिवारी मित्राला घरी बोलावलं आणि दोन्ही खोकी पलंगावर ओतली. त्याच्या चार्जरला वायर आहे, माझ्या चार्जरला वायरच नाही, मागे दोन चपट्या पिना आहेत त्या घडी घालून आत जातात. त्याचं पुस्तक इंग्लिश, माझ्यात इंग्लिश आणि सोबत स्पॅनिश. त्याच्या खोक्यावर एमआरपीचा स्टिकर, माझ्यावर नाही. त्याला बॅग आणि १६ जीबीचं कार्ड मिळालं, मला ठेंगा. वॉरंटी कार्ड वेगळं. कॅमेऱ्यावरचं नाव वेगळं. बॅटरी तेवढी सेम, दोन्हीकडे एलपी-ई१७.

त्यात परवा फोर्टला काम होतं म्हणून बोरा बाजारात एका दुकानात स्वस्तातला फ्लॅश बघायला गेलो. तिथल्या माणसाने कॅमेरा हातात घेतला, वरच्या फ्लॅशच्या खाचेत बोट फिरवलं आणि म्हणाला मधली पिन कुठाय? ओरिजिनलला असते, हा डुप्लिकेट दिसतोय, विकायचा असेल तर बोला. मामाकडे जुना ५५०डी आहे, घरी येऊन त्याचा फोटो मागवला, त्याला खरंच मध्ये गोल पिन आहे. माझ्याला नाही. तेव्हापासून पोटात गोळा.

अजून एक. चार्जर मी अजून लावलाच नाहीये. लहानपणी आत्याने अमेरिकेहून टोस्टर पाठवला होता, पप्पांनी थेट लावला आणि घरभर धूर, मेन फ्यूज उडाला. त्यामुळे सध्या मित्राच्या चार्जरवर भागवतोय. आणि गेल्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये सत्यनारायण होता, आरतीचा व्हिडिओ काढला तर सगळ्या व्हिडिओत काळपट आडव्या पट्ट्या वर सरकतायत. सेन्सर पण नकलीच दिलाय का? भावाला फोन करून विचारायला कसंतरी वाटतंय, त्याने बिचाऱ्याने एवढं ओझं वाहून आणलं.

शटरकाउंट

अरे आधी पाणी पी. डुप्लिकेट वगैरे काही नाही.

लग्नाच्या शूट्स करतो मी, हा घोळ वर्षाला दोनचार जणांचा निस्तरतो. कॅनन एंट्री लेव्हलच्या कॅमेऱ्याला प्रत्येक बाजारात वेगळं नाव देते. तुझा कॅमेरा २०१९ चा, अमेरिकेत रिबेल एसएल३, युरोपात २५०डी, आपल्याकडे २००डी मार्क टू आणि जपानमध्ये किस एक्स१०. हो, किस. हसू नका, १९९३ पासून तिकडे तेच नाव चालू आहे, घरात लहान पोरं असलेल्या आयांनी उचलावा म्हणून काढलेली सिरीज. आत सगळं एकच. १५००डीचं उदाहरण घे, तो युरोपात २०००डी, अमेरिकेत रिबेल टी७. त्याच्या आधी ७००डी म्हणजे रिबेल टी५आय. पार २००३ चा ३००डी घेतलास तरी तेच, तिकडे डिजिटल रिबेल. ५डी सारख्या महागड्या कॅमेऱ्यांना मात्र जगभर एकच नाव असतं, ही नाटकं स्वस्तातल्यांनाच.

फरक एकच जाणवेल, फोटोच्या एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेरा फाइलमध्ये आपोआप जी माहिती लिहितो त्यात, मॉडेलचं नाव रिबेल एसएल३ असं येईल. मागे एका स्पर्धेत फॉर्ममधल्या यादीत २००डी मार्क टू होता आणि एका पोराच्या फाइलमध्ये एसएल३, आयोजकांना वाटलं दुसऱ्याचा फोटो ढापलाय. बिचाऱ्याला अर्धा तास समजावत बसायला लागलं.

आता मधली पिन. ती तुझ्याकडे नाही कारण त्या मॉडेललाच नाही! जगात कुठेही घे, नसणारच. कॅननने १५००डी, ३०००डी आणि हा, यांच्यातून ती काढूनच टाकली. मामाचा ५५०डी जुना आहे म्हणून त्याला आहे. कॅननचे स्वतःचे स्पीडलाइट फ्लॅश बाजूच्या चार छोट्या ठिपक्यांवर बोलतात, ते मस्त चालतील. नुसत्या मधल्या पिनवर उडणारे साधे मॅन्युअल फ्लॅश आणि फ्लॅश लांबून उडवणारे दोनअडीचशेवाले ट्रिगर चालणार नाहीत, तेवढं ध्यानात ठेव. मित्राचा कॅमेरा उलटून बघ, पैज लाव माझ्याशी. आणि तो दुकानवाला, विकायचा असेल तर बोला म्हणाला ना, तिथेच सगळं आलं.

वायरमन_परळ

चार्जरचं मी सांगतो, हा माझा धंदा आहे.

चार्जर उलटा कर, मोबाइलचा टॉर्च मार, करड्या अक्षरात मुंगीएवढं लिहिलेलं असतं. इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. हे वाचलंस की झालं, आपल्या २३० वर बिनधास्त लाव. हल्लीचे बहुतेक सगळे कॅमेरा चार्जर असेच असतात, एकच सर्किट जगभर पाठवायचं आणि फक्त तोंड बदलायचं. कॅननने तर नावातच सांगितलंय, एलसी-ई१७ म्हणजे घडीच्या पिनांचा आणि एलसी-ई१७ई म्हणजे वायरचा, मित्राकडे तो ई वाला असणार. आत्याचा टोस्टर जळला कारण तो नुसता १२० वर चालणारा होता, आत तापणारी तार, त्याला २३० दिलं की जवळजवळ चौपट वीज ओढतो. मिक्सर, हेअर ड्रायर, टोस्टर यांना स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर पाहिजेच. कॅमेऱ्याच्या चार्जरला ट्रान्सफॉर्मर लावू नका, उगाच हजार रुपये घालवतात लोक.

फक्त पिन कन्व्हर्टर लागेल. लोहार चाळीत मिळतो, पण हातात घेऊन चपटी पिन आत घालून हलवून बघायचं, ढिला बसला की नाही घ्यायचा. आपल्या एक्स्टेन्शन बोर्डची ती सगळं खाणारी भोकं असतात ना, त्यात चपटी पिन बसते पण नुसती टेकते, ठिणगी पडते, प्लास्टिक पिवळं पडतं. रात्रभर तसा लावून झोपू नकोस.

आता पट्ट्या. मला आधी एक सांग, व्हिडिओ कुठल्या सेटिंगवर काढलास? आणि हॉलमध्ये जुन्या चोकवाल्या ट्यूब आहेत ना?

विक्रोळी_ईस्ट

@शटरकाउंट दादा, थँक्यू, जीव भांड्यात पडला. उद्या ऑफिसात मित्राचा कॅमेरा बघतो.

@वायरमन_परळ हो ट्यूब जुन्याच आहेत, चालू होताना पाच वेळा डोळे मिचकावतात, सेक्रेटरी बदलत नाही. सेटिंग म्हणजे मी मॅन्युअल ठेवलं होतं, शटर १/६०. यूट्यूबवर एक अमेरिकन माणूस शिकवतो, तो म्हणाला फ्रेम रेटच्या (सेकंदाला जितकी चित्रं त्याच्या) दुप्पट शटर ठेवा, ३० ला ६०. कॅमेऱ्यात २९.९७ असं दिसतंय.

वायरमन_परळ

मग सापडला चोर.

तो माणूस त्याच्या देशात बरोबर आहे. तिकडे लाइन ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. चोकवाली ट्यूब दर सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. १/६० मध्ये या झपक्या बसतात १.६६, म्हणजे कुठल्या ओळीला दोन तेज मिळतात, कुठल्या ओळीला एकच, आणि सेन्सर ओळीओळीने वाचतो म्हणून पट्टी दिसते. १/५० ठेव, बरोबर दोन झपक्या. १/१०० ठेव, बरोबर एक. पट्टी गायब.

आणि मेन्यूत व्हिडिओ सिस्टीम म्हणून एक ओळ असेल, त्यात एनटीएससी, म्हणजे अमेरिकेकडची व्हिडिओ पद्धत, असणार कारण तिकडून तसाच सेट होऊन आला. ते पाल, म्हणजे आपल्याकडची पद्धत, कर. मग २९.९७ जाऊन २५ येईल आणि १/५० आपोआप जुळेल. तुझ्या पुस्तकात अमेरिका, जपान, कोरिया वगैरेला एनटीएससी आणि युरोप, ऑस्ट्रेलियाला पाल असं लिहिलेलं असेल, आपण पालमध्ये. एलईडीची स्वस्त माळ असेल तर तरी पट्टी येऊ शकते, ती माळ बरेचदा स्वतःच्या तालावर लुकलुकते, लाइनशी घेणंदेणं नसतं. गणपतीत मंडपात हाच त्रास होतो.

गंमत बघा, जपानमध्ये तर एकाच देशात दोन्ही आहेत. टोकियोकडे ५० आणि ओसाकाकडे ६०. सव्वाशे वर्षांपूर्वी एकाने जर्मनीहून जनरेटर आणला आणि दुसऱ्याने अमेरिकेहून, ते आजपर्यंत तसंच. तिथली जुनी टीव्ही सिस्टीम एनटीएससी होती पण टोकियोच्या ट्यूबखाली तुझ्यासारखीच बोंब.

रोल_नंबर_३६

पोरांनो, तुमच्या चर्चेने मला माझे गिरगावातले दिवस आठवले. जरा लांबेल, सवय आहे.

माझ्याकडे पेंटॅक्सचा एक जुना फिल्मचा कॅमेरा आहे, स्पॉटमॅटिक, अजून चालतो. मेव्हणा शिकागोला होता त्याने धाडला. सगळ्यांच्या पेंटॅक्सवर पुढे लिहिलेलं असे असाही पेंटॅक्स आणि माझ्यावर हनीवेल पेंटॅक्स. चाळीतल्या फोटोग्राफरने डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाला हनीवेल ही तर थर्मोस्टॅट बनवणारी कंपनी, तुला कुणीतरी टोपी घातली. मी महिनाभर झोपलो नाही. पुढे कळलं की अमेरिकेत पेंटॅक्स विकायचा हक्कच हनीवेलकडे होता म्हणून नाव त्यांचं, माल जपानचाच. तेव्हा विक्रोळीकर, तुझ्या आधी ही रांग फार जुनी आहे. मिनोल्टाचा ऑटोफोकसवाला १९८५ चा ७०००, तो अमेरिकेत मॅक्सम आणि जपानमध्ये अल्फा, युरोपात पुढे डायनॅक्स नावाने ती सिरीज विकली. आणि पश्चिम जर्मनीत तर निकॉनला स्वतःचं नावच लावता येईना, झाइस आयकॉनवाल्यांनी हरकत घेतली म्हणून तिथे कॅमेऱ्यावर निक्कॉर लिहून विकला. तो आज कुणाकडे निघाला तर जमा करणारे जास्त पैसे देतात, आणि आपल्याकडच्या भंगारवाल्याला तो नकली वाटेल.

पण मला सांगायचंय ते मॅन्युअलबद्दल, ते कुणी बोललंच नाही. तुम्ही म्हणता पुस्तक वेगळं, पुस्तकाला कोण विचारतो. आमच्या वेळी पुस्तकच सगळं होतं. शेजारच्या एकाचा मुलगा बोटीवर होता, त्याने योकोहामाहून कॅमेरा आणला, पुस्तक अख्खं जपानी. आम्ही दोघं गॅलरीत बसून नुसती चित्रं बघून शिकलो. बाण कुठे दाखवलाय, बोट कुठे ठेवलंय, सूर्य काढलाय की ढग. फिल्म भरायचं चित्र इतकं नेमकं होतं की भाषेची गरजच पडली नाही, मात्र सेल्फ टायमर चालू असताना स्पीडची चकती फिरवू नका हे जे एका चौकटीत लिहिलं होतं ते काही आम्हाला कळलं नाही. चौकटीला लाल किनार होती. आम्हाला वाटलं महत्त्वाचं आहे म्हणून सजवलंय. फिरवली. कॅमेरा दुरुस्तीला गेला तो दीड महिना.

तेव्हापासून माझा नियम, लाल किंवा जाड चौकट दिसली की भाषा येणारा माणूस शोधायचा. तुझ्याकडे स्पॅनिश तरी आहे वर इंग्लिश आहे. अरे वाच की ते! पट्ट्यांचं उत्तर तुझ्या पुस्तकातच होतं.

विक्रोळी_ईस्ट

काका मान्य. 😅 खरं सांगू का, पुस्तक प्लॅस्टिकमधून बाहेरच काढलं नव्हतं.

चष्मिस_दादर

काकांच्या जपानी पुस्तकावरून माझी जखम उघडी झाली म्हणून लिहिते.

मी दोन वर्षांपूर्वी एक सेकंडहँड मिररलेस घेतला, थेट जपानहून आलेला, ऑनलाइन एका विकणाऱ्याकडून. कंपनी कुठली ते सोडा, विकणारा कोण ते पण सोडा. फोटोंमध्ये नव्यासारखा, किंमत इथल्यापेक्षा बरीच कमी, मी उड्या मारल्या. घरी आला, चालू केला, आणि अख्खा मेन्यू जपानी. म्हटलं भाषा बदलू. भाषेचं पान शोधायला पण भाषा यायला पाहिजे ना! दोन रात्री गेल्या, मग कळलं की भाषेचं पानच नाहीये. विकणाऱ्याने जाहिरातीत खाली एका ओळीत लिहिलं होतं "डोमेस्टिक मॉडेल", मला वाटलं घरी वापरलेला!

शेवटी मी हे केलं, त्याच मॉडेलचं इंग्लिश पीडीएफ मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून उतरवलं, प्रिंट काढली आणि मेन्यूची पानं समोर ठेवून मोजत बसले. चिन्हं आणि क्रम तोच असतो, भाषा फक्त वेगळी. लाल टॅब, दुसरं पान, वरून चौथी ओळ म्हणजे इमेज साइज, असं. वहीत टिपून ठेवलं. आता मला सतराअठरा जपानी शब्द ओळखता येतात, त्यातले बोलता एकही येत नाही. कार्ड फॉरमॅटचा शब्द तर झोपेतून उठवून दाखवला तरी ओळखेन कारण एकदा चुकून तोच दाबला होता, भाचीच्या बारशाचे फोटो गेले.

तर विक्रोळीकर, तुमचं स्पॅनिश पुस्तक म्हणजे सुख आहे.

शटरकाउंट

@चष्मिस_दादर ताई, ते बरेच जणांना भोवतं. सोनीचे जपानसाठीचे बरेच मॉडेल फक्त जपानी भाषेतच असतात, पॅनासॉनिकचेही. तिकडे स्वस्त विकलेला माल बाहेर जाऊ नये म्हणून, असं म्हणतात. टुरिस्टसाठी सगळ्या भाषांचा वेगळा व्हर्जन सोनी तिथे विकते पण तो स्वस्त नसतो. टोकियोहून कुणी आणणार असेल तर दुकानातच चालू करून भाषा बघून घ्यायची, हॉटेलवर जाऊन नाही.

आणि पालवरून आठवलं, सोनीच्या जुन्या ए७ वाल्यांनो, तुमचा कॅमेरा पालचा असेल आणि तुम्ही एनटीएससी केलंत तर कार्ड फॉरमॅट करायला लावतो आणि मग दर वेळी चालू करताना स्क्रीनवर एनटीएससीवर चालतोय असं बोंबलतो. बिघडला नाहीये, तसाच आहे तो. म्हणून आधी कार्ड रिकामं करा, मग सिस्टीम बदला. विक्रोळीकर तू पण कार्डातली आरती आधी लॅपटॉपवर घे, कशाला रिस्क.

अजून एक फरक आहे तो नुसत्या कागदाचा नाही, खरोखर आतला. रेडिओचा. २०१२ चा कॅननचा ६डी, त्याच्या मॅन्युअलच्या मुखपृष्ठावरच दोन नावं होती, ६डी (डब्ल्यूजी) आणि ६डी (एन). डब्ल्यूजीमध्ये वायफाय आणि जीपीएस, एनमध्ये दोन्ही नाही. ७०डीचं तसंच, डब्ल्यू आणि एन. कुठल्या देशात कुठला रेडिओ चालवायला परवानगी आहे त्यावर हे ठरायचं. मॅन्युअल एकच छापायचे आणि आत बारीक अक्षरात लिहायचे की हे पान एनवाल्यांना लागू नाही. आमच्या एकाने ६डी सेकंडहँड घेतला आणि वायफायचा मेन्यू शोधून शोधून थकला, शेवटी बॉडीवरचं अक्षर बघितलं. फ्लॅशचं पण तेच, ६००ईएक्स-आरटी रेडिओवाला आणि नुसता ६००ईएक्स रेडिओशिवाय, बाकी दिसायला जुळे भाऊ.

पॉकेटविझार्ड, म्हणजे फ्लॅश लांबून रेडिओने उडवणारे ट्रिगर, त्यांनी तर फार रडवलं. अमेरिकन सेट ३४४ मेगाहर्ट्झचा आणि युरोपचा ४३३ चा. एका मोठ्या लग्नात माझा एक सेट अमेरिकेहून आलेला, पार्टनरचा लंडनहून, दोन्ही काळे, दोन्ही प्लस थ्री, दोन्हीत नव्या बॅटऱ्या. वरमाला चालू आणि मागचा लाइट काही केल्या उडेना. मी चॅनल बदलतोय, तो केबल बदलतोय, भटजी ओरडतायत शुभमंगल सावधान. दुसऱ्या दिवशी घरी बसून तळाचा स्टिकर वाचला तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. तेव्हापासून खोक्यापेक्षा बुडाचा स्टिकर आधी वाचतो.

ठाणे_स्लो

माझी ताई जर्मनीत असते, ती म्हणते तिकडे आता नवीन कॅमेऱ्यात चार्जरच देत नाहीत बऱ्याचदा. आणि तो व्हिडिओ अर्ध्या तासाला बंद पडतो ते काय? माझा २९ मिनिटं ५९ सेकंदांवर थांबतो, नाटकाचं रेकॉर्डिंग करताना पहिला अंक पण पुरा होत नाही. तो पण देशाप्रमाणे बदलतो का?

रोल_नंबर_३६

हो, चार्जरचं युरोपच्या कायद्यामुळे. २८ डिसेंबर २०२४ पासून तिकडे विकल्या जाणाऱ्या फोन, कॅमेरा वगैरेंना यूएसबी सी सॉकेट असलंच पाहिजे आणि गिऱ्हाइकाला चार्जरशिवाय घ्यायची सोय पाहिजे, घरात आधीच ढीग पडलाय म्हणून. कल्पना वाईट नाही, माझ्या कपाटात अकरा चार्जर आहेत त्यातले चार कशाचे ते मला माहीत नाही. पण युरोपातून कुणी कॅमेरा आणणार असेल तर त्याला विचारून घ्या की खोक्यात काय काय आहे.

३० मिनिटांची भानगड पण तिकडचीच. सलग ३० मिनिटं किंवा जास्त रेकॉर्ड करणारं यंत्र युरोपच्या कस्टमला व्हिडिओ कॅमेरा वाटे आणि त्यावर जास्त ड्यूटी लागे. मग कंपन्यांनी एक सेकंद कमी करून टाकला. काहींनी फक्त युरोपच्या मालाला ही अडवणूक ठेवली, पॅनासॉनिकने जीएच४ ला अमेरिकेत मोकळं सोडलं आणि युरोपात बांधलं. बऱ्याच जणांनी मात्र सगळ्या जगालाच तो एक सेकंद कमी दिला, एकच माल बनवायला सोपा म्हणून. तुझं नाटक ठाण्यात आणि ड्यूटी वाचली युरोपातल्या माणसाची! पहिल्या अंकात मध्ये अंधार होतो ना, त्या अंधारात बंद करून परत चालू कर.

चष्मिस_दादर

काका 😂😂

वॉरंटीचं कुणी बोललं नाही. विक्रोळीकर, एमआरपीचा स्टिकर नाही म्हणजे माल नकली नाही, पण तो आपल्या बाजारासाठी आलेला नाही एवढं नक्की. आपल्या लीगल मेट्रॉलॉजीच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पॅकबंद आयात मालावर आयात करणाऱ्याचं नाव पत्ता, सगळे कर धरून एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीचा नंबर छापावाच लागतो. मित्राच्या खोक्यावर तोच आहे. अमेरिकेत एमआरपी वगैरे काही नसतं, तिकडे दुकानदार पाहिजे ती किंमत लावतो. मात्र कुणी इथल्या दुकानात स्टिकर नसलेलं खोकं दाखवून इंडियाची वॉरंटी आहे म्हणाला तर तिथून निघा.

तुमच्या वॉरंटी कार्डावर कुठल्या देशात चालते ते छापलेलं असतं, ते वाचा आणि भावाचं बिल व्हॉट्सअॅपवर मागवून ठेवा. माझ्या ओळखीच्या एकाचं, दुसऱ्याच कंपनीचं, बिल न्यूयॉर्कचं होतं तर इथे दुरुस्तीचे पैसे पूर्ण भरायला लागले आणि वर तीन आठवडे पार्ट यायची वाट.

शटरकाउंट

याच्याशी मी थोडा असहमत. बाहेरून आणलेला कॅमेरा एवढा पण वाईट सौदा नाही. एंट्री लेव्हलला पहिल्या दोन वर्षांत फार काही बिघडत नाही, बिघडला तर फोर्टातले जुने कारागीर आहेत, शटर बदलून देतात. मात्र लाखाच्या वरचा कॅमेरा असेल तर इथलंच बिल घ्या, त्यात वाद नाही. बॅग आणि कार्डासाठी जीव जाळू नकोस, ती बॅग दोन पावसाळ्यांत झडते आणि कार्ड पण फुकटातलं असतं, तसंच चालतं. त्यापेक्षा लेन्सचं हूड घे, ते कॅनन स्वस्तातल्या लेन्ससोबत कुठल्याच देशात देत नाही.

विक्रोळी_ईस्ट

अपडेट देतो मंडळी.

सकाळी लोकलमध्ये मित्र घाटकोपरला चढल्या चढल्या त्याला म्हटलं कॅमेरा काढ. गर्दीत त्याने बॅग डोक्यावर धरलेली, तशीच चेन उघडून दोन बोटांनी कॅमेरा वर केला, फ्लॅशच्या खाचेत बघितलं, पिन नाही! बाजूचे काका विचारतात काय हरवलं का. दादा तुमची पैज तुम्ही जिंकलात, कुर्ल्याला आलात तर वडापाव माझ्याकडून.

चार्जर टॉर्च लावून वाचला. १००–२४०, ५०/६०, आणि आउटपुट ८.४ व्होल्ट. पप्पांना चष्मा लावून वाचायला लावला, त्यांनी दोनदा वाचला आणि तरी लावताना मला लांब उभं राहायला सांगितलं. कन्व्हर्टर लोहार चाळीतून आणला, तीन हलवून बघितले, चौथा घट्ट बसला. केशरी दिवा लागला, धूर नाही. पप्पा पाच मिनिटं स्विचवर हात ठेवून उभे होते.

आरती लॅपटॉपवर घेतली, मग पाल केलं, २५ आलं, १/५० ठेवलं आणि हॉलमध्ये जाऊन त्याच ट्यूबखाली सेक्रेटरींचा व्हिडिओ काढला. एकही पट्टी नाही. सेक्रेटरी विचारतायत कशासाठी काढलास.

पुस्तक पण उघडलं काका. जाड चौकटीवाली सगळी पानं वाचली, अठ्ठावीस चौकटी आहेत, त्यातल्या अर्ध्या बॅटरी आगीत टाकू नका याच आहेत.

एकच राहिलं. एक्झिफमध्ये रिबेल येतंय ते बदलता येतं का, मित्र मला आता रिबेल म्हणूनच हाक मारतो.

शटरकाउंट

कॅमेऱ्यातून नाही बदलता येत. सॉफ्टवेअरने फाइलमधलं खोडता येतं पण स्पर्धेला पाठवशील तेव्हा तेच संशयास्पद दिसेल. राहू दे. मित्राला सांग जपानहून आणला असता तर काय हाक मारली असतीस.

वायरमन_परळ

कन्व्हर्टर चार्जिंग झाल्यावर हात लावून बघ. कोमट चालेल, गरम झाला तर परत कर, लोहार चाळीवाले बदलून देतात, फक्त पुठ्ठा टाकू नकोस.